बॉडी आहे, मग खेळाडू का नाही?

पत्राचा सारांश: मी 29 वर्षांचा आहे. मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातला, नोकरी हिंजवडीत. गेली सहा वर्षं नियमित जिम करतो. वजन 88 किलो, बेंच प्रेसला 100 किलो मारतो. ऑफिसात सगळे मला 'पैलवान' म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, ते ऐकायला बरं वाटतं. यंदा गावच्या जत्रेत कबड्डीचा सामना होता. भावकीनं आग्रहानं उतरवलं. पहिल्याच चढाईत निदानरेषेपर्यंतही पोचलो नाही. माझ्या चुलतभावानं घोटा धरून आडवा केला. तो जेमतेम 60 किलोचा, पोलिस भरतीची तयारी करतो. दुसऱ्या चढाईत दम तुटला. पोरं हसली, कोणीतरी 'शोपीस' म्हणालं आणि आता तेच नाव पडलंय. त्याआधी राजगडाला गुंजवण्याच्या बाजूनं चढतानाही माझी वाट लागली होती; पन्नाशीचे मामा पुढं निघून गेले. घरच्यांनी लग्नाच्या बायोडेटात 'बांधा : अ‍ॅथलेटिक' असं लिहिलंय. ते वाचून दाजी म्हणाले, ''राहू दे, पण मुलीकडच्यांना गडावर नेऊ नका.'' शाळेत मी जाड होतो. पीटीचे सर मला गुण लिहायला बसवायचे. तो शिक्का पुसायचा म्हणूनच जिम धरली. आता वाटतं, सहा वर्षं फुकट गेली. खेळाडूपण अंगातच असावं लागतं का? जिम सोडून पळायला लागू का? आणि लोक मला खरा खेळाडू कधी मानतील? 
– 'शोपीस', पुणे

प्रिय मित्रा,

सही तेवढी बदल. बाकी पत्र उत्तम आहे. मी आयुष्यभर शाळेत खेळ शिकवले, त्यामुळे वयानं तुझ्या त्या पीटीच्या सरांएवढाच असेन. अरेतुरे केलं तर चालवून घे.

आधी जत्रेतल्या सामन्याचं बघू, कारण तुझं सगळं दुखणं तिथून सुरू झालंय. नवख्या माणसाला पहिल्या झटक्यात चढाईला पाठवायचं आणि कडेला बसून गंमत बघायची, ही गावोगावची जुनी खोड. ज्याला खेळवायचंय त्याला आधी बचावात उभं करतात. शेजारच्याशी हातसाखळी धरायची, त्याच्याबरोबर पुढे-मागे व्हायचं, चढाईपटू अंगावर आला की रेटा द्यायचा. तिथं तुझे 88 किलो कामाला आले असते. चढाई हे वेगळंच प्रकरण आहे. 30 सेकंद तोंडानं 'कबड्डी कबड्डी' चालू ठेवायचं, म्हणजे छातीभर श्वास घ्यायची सवड नाही. समोर सातजण, त्यांतला कोण हलणार हे माहीत नाही. मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटरवर. तिथवर जायचं, हूल द्यायची, पाय आत टाकायचा आणि तोच पाय कोणी धरायच्या आत मागे घ्यायचा. तुझ्या भावानं तुझा घोटा धरला तेव्हा तो तुझ्या डोळ्यांकडे किंवा दंडाकडे बघत नव्हता. त्याची नजर तुझ्या कमरेवर होती. माणूस हातानं फसवतो, खांद्यानं फसवतो. पण कंबर ज्या बाजूला वळते तिकडेच पाय पडतो. हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलं नसणार. लहानपणापासून रोज संध्याकाळी मातीत लोळल्यावर ते आपोआप दिसायला लागतं.

आता तुझ्या जिममध्ये काय होतं? वजन किती हे आधीच माहीत. ते कुठल्या दिशेनं जाणार हेही माहीत. सेट झाला की दोन मिनिटं विश्रांती. पाठीखाली बाक, आजूबाजूला आरसे. बेंचवरचा तो 100 किलोचा बार तुला कधीच हूल देत नाही. हे काही जिमचं वैगुण्य नव्हे. ताकद वाढवायची तर असंच शिस्तीत, मोजूनमापून करावं लागतं. पण मैदान शरीराकडे वेगळी गोष्ट मागतं: न सांगता आलेल्या प्रसंगाला क्षणात उत्तर. त्यात सगळ्यात अवघड काम थांबण्याचं. धावत सुटणं कोणालाही जमतं. वेगात असताना दोन पावलांत थांबून उलट फिरणं, हे खरं काम. आणि जितकं वजन जास्त, तितकं थांबायला बळ जास्त लागतं. तुझ्या भावाला 60 किलो थांबवायचे होते, तुला 88. तू कधी थांबायचा सराव केला आहेस का? पत्रात लेग डेचा, म्हणजे पायांच्या व्यायामाच्या दिवसाचा, उल्लेखही नाही म्हणून विचारतो.

म्हणजे सहा वर्षं फुकट गेली का? मुळीच नाही. तू ताकद कमावलीस, एवढंच. ताकद म्हणजेच खेळ, असं तू धरून चाललास, आणि खरं तर ऑफिसातल्या लोकांनीही तसंच धरलं. त्यांचा दोष नाही. दंड दिसतात, फुफ्फुसं, घोटे आणि नजर दिसत नाही.

दिसण्यावर जायचं तर बघ. तू कोल्हापूरकडचा, म्हणून तिथलीच उदाहरणं देतो. कुस्तीगीर खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, कॉलेज कोल्हापुरात. 1948 साली लंडन ऑलिंपिकला सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. वजनगट किती? बँटमवेट, 57 किलो. तुझ्या चुलतभावाहूनही हलका. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळायला 72 वर्षं लागली. 2024 मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेनं ते मिळवलं, तोही कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. त्याचा खेळ 50 मीटर रायफल थ्री पोझिशन. गुडघ्यावर बसून, मग पालथं पडून, मग उभं राहून नेम धरायचा. लक्ष्याच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं, शर्टाच्या गुंडीएवढं, आणि ते 50 मीटरवर. त्याला कुठं पळायचं नाही, उडी मारायची नाही. उलट जेवढं कमी हलेल तेवढं बरं. हा माणूस राजगड किती वेळात चढतो, असं कोणी विचारत नाही. विचारलं तरी त्याच्या पदकाला धक्का लागायचा नाही.

'खरा खेळाडू' म्हणून सगळ्या खेळांच्या डोक्यावर बसलेला कोणी एक प्राणी असतो, असं तुझ्या पत्रात गृहीत धरलेलं आहे. मला ते पटत नाही. त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा म्हणजे डिकॅथलॉनवाला, दोन दिवसांत दहा प्रकार करणारा. 1912 साली स्टॉकहोमला जिम थॉर्पनं डिकॅथलॉन जिंकली तेव्हा स्वीडनच्या राजानं त्याला जगातला सर्वश्रेष्ठ अ‍ॅथलीट म्हटलं, अशी आख्यायिका आहे. तेव्हापासून डिकॅथलॉन जिंकणाऱ्याला हा किताब लावायची रीत पडली. आता 2018 साली 9126 गुणांचा विश्वविक्रम करणाऱ्या फ्रान्सच्या केव्हिन मेयरचे आकडे बघ. त्यात त्याची भालाफेक 71.90 मीटर. आपल्या नीरज चोप्रानं 2025 मध्ये दोह्याला 90.23 मीटर टाकली. मेयर 1500 मीटर 4 मिनिटं 36.11 सेकंदांत पळाला; त्या अंतराचा विश्वविक्रम 3 मिनिटं 26 सेकंदांचा आहे. म्हणजे दहांचा हा राजा एकेकट्या प्रकारात त्या-त्या प्रकारच्या राजापुढं बराच मागं. जो सगळ्यांत चांगला तो एकातही पहिला नाही, आणि जो एकात पहिला त्याला बाकीच्या नवांत कोणी उभं करणार नाही. यांतला खरा कोण? मला विचारशील तर प्रश्नच चुकीचा आहे. कुठल्या खेळाचा खेळाडू, हे आधी ठरायला हवं. तुझी सगळी अडचण तिथंच आहे: तुझ्याकडे शरीर आहे, खेळ नाही.

आता 'अंगातच असावं लागतं का?' थोडं असतं, नाकारून उपयोग नाही. उंची आईबापांकडून येते. सरावाला शरीर किती दाद देतं, हेही बऱ्याच अंशी घराण्यावर असतं. अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी 'हेरिटेज' नावाचा मोठा अभ्यास केला होता. बैठ्या माणसांकडून 20 आठवडे सारखाच सायकलचा व्यायाम करून घेतला. शरीराची दर मिनिटाला ऑक्सिजन वापरायची क्षमता सरासरी सुमारे 400 मिलीनं वाढली. पण कोणाची जवळजवळ वाढलीच नाही आणि कोणाची लिटरभर वाढली. तेव्हा एकाच मैदानावर एकाच वेळी सुरुवात केलेला मित्र तुझ्या पुढं गेला तर तो आळशीपणाचा पुरावा नव्हे. पण हा अभ्यास तुझ्यावर निकाल देत नाही. दमाचा सराव तू करून पाहिलेलाच नाहीस! सहा वर्षांत दम वाढवायचा प्रयत्न झाला नाही आणि निष्कर्ष मात्र काढलास की दम आपल्यात नाही.

उशिराचं म्हणशील तर बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघ. सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धेतलं पळणं सैन्यातच, क्रॉसकंट्रीपासून सुरू झालं. 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीचं) रौप्य, सुवर्णापासून अवघं 0.05 सेकंद दूर. 2023 ला हँगझोऊला आशियाई सुवर्ण. माणमधल्या मोही गावची ललिता बाबर आधी खो-खो खेळायची. पळण्याकडे नंतर वळली आणि 2016 मध्ये रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. शाळेत असताना 'ही स्टीपलचेस पळेल' असं तिच्या कपाळावर कोणी वाचलं नसणार.

तुझ्या पत्रात मी खरा अडखळलो तो कबड्डीच्या ओळीवर नाही, गुण लिहायला बसवायच्या ओळीवर. हे मी आमच्या बिरादरीविषयी बोलतोय, म्हणून स्पष्टच बोलतो. वर्गात साठ पोरं, तास पस्तीस मिनिटांचा, चेंडू दोन. शिक्षक काय करतो? जी पोरं आधीच पळतात त्यांना खेळवतो, कारण आंतरशालेय स्पर्धा तोंडावर असते. उरलेली सावलीत. त्यात आणखी एक गोम आहे. वयोगटाची जी तारीख असते तिच्या नंतर लगेच जन्मलेलं पोर आणि अकरा महिन्यांनी जन्मलेलं पोर एकाच गटात खेळतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे केवढी उंची, केवढं बळ! मोठ्याला 'गुणी' म्हणतात, त्याला जास्त खेळायला मिळतं, म्हणून तो आणखी चांगला होतो. धाकट्याला कागद आणि पेन. ज्यांची मुलं सध्या त्या वयात आहेत आणि 'आमच्या मुलाला खेळाचं अंगच नाही' असं मला लिहितात, त्यांनी निदान दोन-तीन वर्षं हे वाक्य मुलासमोर उच्चारू नये. आणि जाड मुलाला बाहेर बसवलं की तो बारीक होतो, असं कुठं पाहिलंय का?

तू त्या शिक्क्याचं उत्तर आरशात शोधलंस. साहजिक होतं. आरसा हसत नाही, घोटा धरत नाही. पण म्हणून तुला हरायची सवयही झाली नाही. खेळणाऱ्या माणसाला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी चारीमुंड्या चीत करतं. तो माती झटकतो आणि चहाला जातो. तुझा चुलतभाऊ तुझ्याहून जास्त वेळा हसण्याचा विषय झालेला असणार. फरक इतकाच की त्याचं तिथं नाव पडलं नाही, कारण तो दुसऱ्या दिवशी परत आला.

मग आता करायचं काय? तुझ्यापुढं चार वाटा दिसतात. जिम सोडून नुसतं पळणं ही सगळ्यात वाईट, कारण ती रागातून आलीय आणि 88 किलो घेऊन एकदम डांबरावर पळालास की महिन्याभरात नडगी धरेल. दुसरी वाट, वजन उचलणंच आवडत असेल तर ते खेळ म्हणून कर: पॉवरलिफ्टिंग. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), बेंच, डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलणं), प्रत्येकी तीन प्रयत्न, समोर पंच. ही अगदी सन्मानाची वाट आहे. मग राजगडाला धाप लागली तरी कोणाला उत्तर द्यायला नको. तिसरी, सगळं एकत्र घालून करायचे ते हल्लीचे फिटनेसचे वर्ग. वाईट नाहीत, पण महागडे असतात आणि त्यातही समोर माणूस नसतो. चौथी, कुठला तरी एक खेळ धरून त्यात नवशिका म्हणून उतरणं. माझं मत चौथ्याला. तू लिहिलेल्या पत्रात जिमबद्दल दोन वाक्यं आहेत आणि त्या एका सामन्याबद्दल अर्धं पान. तुझं मन कुठं आहे ते दिसतंय.

जिम आठवड्याला दोन दिवसांवर आण. छाती-दंड कमी कर, स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुलअप आणि एका पायावरचे व्यायाम ठेव. जोर-बैठका कधीही घाल, त्यांना पैसे पडत नाहीत. दोन दिवस दमाचे. पहिले दीड-दोन महिने पळणं आणि चालणं आलटून पालटून, मातीच्या मैदानावर, पाऊण तास. वेग एवढाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. वाक्य तुटायला लागलं की चाल. हे इतकं सोपं वाटेल की लाज वाटेल. तरीही तसंच कर. ज्यांना खेळबिळ काही नको, नुसती तब्येत नीट ठेवायचीय, अशा वाचकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मापही जवळपास हेच आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. पन्नाशीतली बाई हे करत असेल तर तिनं कोणाच्याही 'बांध्या'कडे बघायचं कारण नाही.

आणि एक दिवस, जमलं तर दोन, खेळाचे. पुण्यात कबड्डी-खो-खोची मंडळं पेठांपासून पिंपरी-चिंचवडपर्यंत आहेत. संध्याकाळी जा, कोच असेल त्याला सरळ सांग, ''मला येत नाही, शिकायचंय.'' घट्ट टीशर्ट घालून जाऊ नकोस. पहिले काही दिवस तुला हातसाखळीत कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभं करतील, तिथं मुकाट्यानं उभा राहा आणि चढाईपटूच्या कमरेकडे बघ. घरी थांबायचा सराव कर: दहा मीटर जोरात पळायचं आणि आखलेल्या रेषेवर दोन पावलांत थांबायचं, ढुंगण खाली, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत. मग कोणालातरी ऐनवेळी 'डावा' किंवा 'उजवा' ओरडायला सांग. कबड्डी नकोच वाटली तर बॅडमिंटन घे, फुटबॉल घे. अट एकच: समोर तुला चकवणारा माणूस हवा.

मोजमाप हवंच असेल तर तुझ्या भावाकडेच आहे. पोलिस भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक असते. 50 गुणांपैकी 20 गुण 1600 मीटरला, बाकीच्या दोहोंना 15-15. दम, वेग, ताकद, तिन्ही आले. गावी गेलास की त्याच्याबरोबर मैदानावर जा आणि तिन्हीची नोंद कर. गोळ्यात तू बहुतेक त्याच्या पुढं असशील, आणि त्याला तुझ्याकडून स्क्वॉट शिकायची गरज असेल. भरतीच्या बऱ्याच पोरांचं 1600 चांगलं असतं आणि गोळ्यात गुण जातात. त्याला सांग, तू मला थांबायला शिकव, मी तुला उचलायला शिकवतो. त्यानंतर 'शोपीस' म्हणायला त्यालाच संकोच वाटेल, असा माझा अंदाज आहे.

बायोडेट्याचं विचारलं नाहीस, पण दाजींचा मुद्दा रास्त आहे. 'बांधा' या रकान्यात उंची-वजन लिही आणि पुढं जा. मुलीला गडावर न्यायचंच असेल तर ने की. धाप लागली तर बसा दोघं. धाप लागलेल्या माणसाशी गप्पा मारता येतात का, हे तिलाही कळेल.

'लोक कधी मानतील?' याचं उत्तर मला देता येत नाही, कारण लोक कोण हे तू लिहिलं नाहीस. ऑफिसातले तर आत्ताच मानतात आणि तुला ते पुरत नाही. जत्रेत कडेला बसून हसणारे पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी हसतील. राहता राहिला संघ. संघातली माणसं फार लवकर मानतात. तीन-चार महिने न चुकता आलास आणि कोणी एक दिवस फोन करून 'आज येणार आहेस ना, एक माणूस कमी पडतोय' असं विचारलं, की झालं.

सुरुवात करण्याआधी रक्तदाब आणि साखर एकदा तपासून घे. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा चढताना धापेबरोबर छातीत दाब, डोळ्यांपुढं अंधारी असं काही झालं असेल, तर आधी डॉक्टर, मग मैदान. राजगडावरची धाप नुसती दमाची होती की आणखी काही, हे पत्रावरून मला सांगता येणार नाही. घोट्याला त्या पकडीनंतर अजून सूज असेल तर ती पूर्ण उतरेपर्यंत दिशा बदलायचा सराव करू नकोस. तोवर एका पायावर उभं राहून दात घास, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून.